प्री-बोर्डचा तो फोटो मी टाकलता

माह्या भावाचा उजवा हात बाबांनी मोडला. पण त्याच्या अर्ध्या घंट्याआधी ग्रुपवर तो फोटो मी टाकलता. हे पहिलेच सांगून देते, नाई तर लोक म्हणतीन, पोट्टीनं आपल्या सोयीनं सांगतलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. जबलपूरहून माही बीएस्सी झालती आणि मी बालाघाटात घरी बसून बीएडच्या ॲडमिशनची वाट पाहत होती. भाऊ बारावीत, मॅथ्सवाला, माह्याच जुन्या शाळेत. बाबा बैहरले एका सरकारी दफ्तरात बाबू. सकाळच्या बसनं जात, संध्याकाळी येत, आणि चपला काढायच्या आधी विचारत, "किती घंटे बसला?" म्हणजे अभ्यासाले. आई सैपाकघरातूनच उत्तर देऊन टाके, "बसलता, बसलता." तो बसलेला असो का नसो.

तेवढ्यात शाळेतल्या बारावीच्या मॅडमनं मले बोलावलं. त्याईचं रडगाणं असं, की पालक सभेले कोणी येतच नाई. बारावीनंतर काय करायचं, कोणता फॉर्म कधी निघते, जातीचा दाखला कुठून काढायचा, समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदीत, पोराचं नाव बरोबर हाय का नाई, घरच्याईले काहीच माहीत नसते. "तू बाहर पढ़के आई है बेटा, तू समझा पेरेंट्स को. हमारी तो सुनते नहीं."

मी अशी फुगली ना! त्याच दिवशी व्हॉट्सॲप ग्रुप बनवला. घरोघरी जाऊन नंबर आणले. मूल निवासी प्रमाणपत्र आत्ताच काढा, आधारवरची जन्मतारीख पाहून घ्या, इंजिनीअरिंगले बायो लागत नाई काका, धडाधड मेसेज. आई म्हणे, "बाई, जेव तरी. अंगठा झिजून राह्यला तुह्या." पण मले मजा येत होती. बावीस वर्षांच्या पोट्टीले माणसं मॅडम म्हणून राह्यली होती!

एका बापानं विचारलं, तुमच्या घरी तुमच्याकडून अभ्यास कसा करून घेतला? मी भला मोठा मेसेज लिहला. आमच्याकडे फ्रिजच्या बाजूले खिळ्यावर पट्टा राहाचा. दहावीत गणितात कमी आले तं बाबांनी त्या पट्ट्यानं पाठ लाल केलती. आणि शेवटी लिहलं, "त्याच पट्ट्यानं मले फर्स्ट डिव्हिजन दिली." पुढं तीन हसणारे चेहरे. ग्रुपवर टाळ्याच टाळ्या. बाबा बी ग्रुपमधे होते. त्याईनं तो मेसेज आईले दोनदा वाचून दाखवला आणि संध्याकाळी सगळ्याईसाठी गरम समोसे आणले.

तो मेसेज खोटा होता. पट्टा पडलता, ते खरं. पण त्याच्यानंतर चार दिवस मी पुस्तकाले हात नाई लावला, पोटावर झोपून होती. मी शिकली ते ह्या घरातून निघून जायचं म्हणून. पण हे कोणी ग्रुपवर लिहते का? आमच्याकडं मार सांगायचा असला का हसून सांगाचा, अशीच रीत. मामा लोक लग्नात बसून आपापल्या बापाच्या मारावरून पैज लावतात, कोणाचा बाप जास्त मारे.

मंग प्री-बोर्ड झाली, बोर्डाआधीची शाळेतली परीक्षा. पोट्टे रिपोर्ट कार्डावर बापाची सही सोताच करतात, मी बी केलती, म्हणून घरी कोणाले नंबर समजतच नाईत. मले वाटलं, घरवाल्याईले खरी गोष्ट समजली तं मदत करतीन. शनिवारी मी स्टाफरूममधल्या पूर्ण यादीचा फोटो काढला. रविवारी दुपारी मटार सोलता सोलता ग्रुपवर टाकला. खाली लिहलं, "सबके नंबर. प्लीज़ बच्चों से बात करें." आईले म्हटलं बी, "आता पाह्य, सगळे कसे जागे होतात."

बाबा लाकडी तखतावर होते. मोबाइल वाजला. त्याईनं चष्मा घातला, दोन बोटाईनं फोटो मोठा केला. भाऊ आंगणात सायकलच्या चेनले तेल टाकून राह्यला होता.

"इकडे ये."

"काय झालं?"

"फिजिक्समधे सत्तरपैकी नऊ. नऊ म्हणजे काय बे?"

"बाबा, तो पेपर लई—"

बाबा पट्टा घ्यायले गेले. खिळ्यावर पट्टा नव्हता, आईनं दिवाळीच्या सफाईत कुठंतरी लपवलता. म्हणून त्याईनं कोपऱ्यात पडलेला कूलरच्या स्टँडचा लोखंडी पाइप उचलला. पट्टा जाग्यावर असता तं हात वाचला असता, हे आई अजून म्हणते आणि सोताच्याच तोंडात मारून घेते.

पहिला पाठीवर बसला. दुसरा मांडीवर. तिसऱ्याले भावानं हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज मी मटाराच्या परातीजवळून ऐकला. भाऊ ओरडला नाई. तो आपल्या मनगटाकडे पाहत राह्यला, ते खाली लटकलं होतं, दुसऱ्याच कोणाचं असल्यावानी. आणि बाबा थांबले नाईत! चौथा खांद्यावर. ते ओरडत होते, "ग्रुपवर पाह्यलं सगळ्याईनं! पूर्ण बालाघाटानं पाह्यलं!"

मी उठली आणि बाबाच्या दंडाले चावली. खरंच चावली, रक्त येईपर्यंत. त्याईनं मले झटकलं तं मी दाराच्या चौकटीवर जाऊन पडली, कान फुटला. आई धावत आली आणि भावाच्या अंगावर पालथी पडली. एक पाइप तिच्या बी पाठीवर बसला, मंग बाबाच्या हातातून पाइप सुटला.

त्याच वक्ती मागच्या गल्लीतून एका पोट्टीचं किंचाळणं येत होतं.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "कैसे लगा?" बाबा म्हणाले, "जीने से गिर गया." आमच्या घराले जिनाच नाई. डॉक्टरनं मांडीवरचा वळ पाह्यला, बाबाच्या दंडावरचे दात पाह्यले, माह्या कानावरचा रुमाल पाह्यला, आणि प्लास्टर भिजवायले घेतलं.

तिथं बाकावर बसून मी ग्रुप उघडला. साठ-सत्तर मेसेज. "मैडम ने सही किया, आज हमने भी ख़बर ली." मुठीची, हातोड्याची चित्रंच चित्रं. आणि एक फोटो. पेपरावर ठेवलेली कापलेली वेणी, रिबिनीसकट. खाली लिहलेलं, "गणित में आठ. अब मोबाइल भी बंद, चोटी भी बंद." मागच्या गल्लीतल्या काकाचा मेसेज होता तो, वारासिवनीच्या राइस मिलमधे मुनीम हायत ते. त्याच्यावर अकरा लोकाईनं अंगठे दिलते. मी डिलीट, डिलीट करत बसली. पाह्यलेलं थोडी डिलीट होते.

बोर्डाले तीन आठवडे होते. भाऊ म्हणाला, "मी पेपर देत नाई." भिंतीकडे तोंड करून म्हणाला. आईनं जेवणाचं ताट ठेवलं तं डाव्या हातानं लोटून दिलं.

मी मॅडमकडे पळाली. त्या म्हणाल्या, रायटर मिळते, तो सांगीन ते पेपरात लिहणारं, खालच्या वर्गातलं कोणी. डॉक्टरचा कागद पाहिजे आणि पालकाचा अर्ज, हात कशानं मोडला ते लिहून. येताना गेटवर मुनीम काकाची पोट्टी भेटली, ओढणी कपाळापर्यंत ओढलेली. मी म्हटलं, "मले माफ कर बाई." ती म्हणे, "ताई, माह्या बाबाले आठ नंबर मी सांगतले असते. हळूहळू. आईले पहिले, मंग बाबाले. मी तयारी करून राह्यली होती. तुमी काहून सांगतलं?"

मॅडमनं पालक सभा बोलावली. ह्या वक्ती हॉल गच्च! मी उभी राह्यली आणि सांगतलं की पट्ट्याचा मेसेज खोटा होता, मारानं कोणी पास होत नाई, मार खाल्लेली पोरं पेपराले बी जात नाईत. मागून मुनीम काका बोलले, "आधी पेटवायचं, मंग विझवायचं. वा मॅडम!" लोक हसले.

बाबा उठले. "माह्या पोट्टीले बोलू नको."

"तुह्या पोट्टीलेच तं बोलून राह्यलो. तूच तोडला न पोट्ट्याचा हात? माह्या पोट्टीचे केस तरी वाढतीन."

बाबांनी त्याईची कॉलर धरली. काकानं डोक्यानं बाबाच्या नाकावर हाणलं. खुर्च्या पडल्या, एका बाईची पर्स उडाली, दोघं बाप फरशीवर एकमेकाईचे गळे दाबत होते आणि मॅडम ओरडत होत्या, "भाई साहब, ये स्कूल है!" बाबाच्या पांढऱ्या शर्टावर नाकातलं रक्त, काकाच्या तोंडातून एक दात गेला. खिडकीत पोट्टे जमले, शिट्ट्या मारत, व्हिडिओ काढत. माहा भाऊ बी तिथं होता, प्लास्टर छातीशी धरून. तो हसत नव्हता. तो बाबाकडे असा पाहत होता जसं फळ्यावरचं गणित पाह्यतात.

दुसऱ्या दिवशी बाबा अर्ज लिहायले बसले. पूर्ण जिंदगी दुसऱ्याईचे अर्ज लिहले त्याईनं, अक्षर छापल्यावानी. नाकात कापूस होता. "सीढ़ी से गिरने के कारण" एवढं लिहून झालं तं भाऊ मागं येऊन उभा राह्यला.

"आपल्या घरी जिना कुठं हाय?"

बाबांनी पेनाले टोपण लावलं.

"हे लिहसान तं मी बसत नाई."

"मंग काय लिहू?"

"झालं ते."

"नोकरी जाईन माही. पोलीस येतीन."

"मंग राहू द्या बारावी."

आई मधात पडली, "जाऊ दे न रे, एक ओळ तं हाय." भाऊ म्हणाला, "आई, तुह्या बी पाठीवर जिना पडलता का?" आई पदर तोंडाले लावून आत गेली.

मले वाटलं, संपलं. आमचा पोट्टा बारावी नापास बी नाई, बारावी न बसलेला राहीन, आणि ते मी केलं. तीन दिवस बाबा बैहरले गेले आणि आले. "किती घंटे बसला" विचारणं बंद. घरात भांडं पडलं तरी आम्ही तिघं दचकत होतो, बाबा बी.

अर्ज द्यायच्या शेवटच्या दिवशी बाबांनी सुट्टी घेतली. भावाले म्हणाले, "चाल." मी बी मागं गेली. शाळेच्या ऑफिसात बाबांनी उभ्यानंच कागद काढला आणि लिहलं: "मेरे मारने से मेरे पुत्र का दाहिना हाथ टूटा है. इसमें उसका कोई दोष नहीं." खाली सही, आणि सहीखाली सवयीनं पद बी लिहलं, मंग पद खोडलं.

मॅडमनं वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. "बाबूजी, ऐसा मत लिखिए. दुर्घटना लिख दीजिए, कोई नहीं पूछेगा."

बाबा म्हणाले, "ये पूछेगा." आणि भावाकडे पाह्यलं नाई.

भावानं कागद डाव्या हातानं ओढून वाचला. मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि वर पेपरवेट ठेवला, उडू नये म्हणून.

पोलीस आले नाईत. त्याचं मले बरं वाटलं का वाईट, हे अजून ठरत नाई. अकरावीतली एक पोट्टी रायटर भेटली, चष्मेवाली, फिजिक्सचं स्पेलिंग बी भावाले विचारे. रोज पेपर झाला का तो तिच्यावर चिडत येई आणि संध्याकाळी परत सायकलनं तिच्या घरी जाऊन उद्याच्या पेपरातले शब्द समजावून देई. सेकंड डिव्हिजन आली. मुनीम काकाची पोट्टी बी पास झाली, वारासिवनीच्या कॉलेजात जाते. माह्या मेसेजले उत्तर देत नाई.

मी आता घरोघरी जाते. फॉर्म भरून देते, दाखल्याची यादी हातानं लिहून देते. नंबर विचारत नाई. एखादा बाप हसून म्हणते, "आम्ही तं लई मार खाल्ला मॅडम," तं मी हसत नाई. कान दाखवते.

मंग जून आला, कॉलेजचं ऑनलाइन रजिस्ट्रेशन. भाऊ माह्या लॅपटॉपवर सोताच भरून राह्यला होता, जबलपूर पहिल्या नंबरावर टाकून. फेब्रुवारीपासून त्यानं बाबाशी एक शब्द केला नव्हता. मीठ पाहिजे असलं तरी आईले सांगे. आणि शेवटच्या पानावर अडलं, कारण समग्र आयडीले मोबाइल बाबाचा जोडलेला. ओटीपी त्याईच्या फोनवर.

मी उठायले लागली. भावानं हातानं मले बसवलं. दोन मिनिटं स्क्रीनकडे पाह्यलं, तिथं वेळेचा आकडा उलटा सरकून राह्यला होता. मंग जोरात म्हणाला, "बाबा, ओटीपी आला का?"

बाहेरच्या खोलीत तखत करकरलं. बाबा धावत आले, फोन लांब धरून, चष्मा नव्हता. "हौ, आला, आला. चार... सात... हा एक हाय का सात हाय?"

"इकडे करा."

"थांब न, सांगतो. सात. मंग..."

वेळ संपली. पान लाल झालं. बाबा घाबरले, "गेलं का? माह्यामुळं गेलं का?"

"दुसरा येते," भाऊ म्हणाला. "उभे राहू नका, बसा तिथं."

बाबा माह्या बाजूले पलंगाच्या कडेवर बसले. फोन परत वाजला. त्याईनं फोन भावापुढं केला, आणि भावानं पाहून पाहून एकेक आकडा टाकला, उजव्या हातानं, मनगट अजून थोडं वाकडं.