चौतीस फ्लॉप्या आणि एकची एसटी

भारती त्या शुक्रवारी सकाळी आठलाच दमलेली होती. खरं सांगायचं तर ती महिनाभर दमलेलीच होती. शेवगावच्या एका कॉलेजात ती तासांवर कॉम्प्युटर शिकवायची. तासांवर म्हणजे वर्ग चालला तर नोकरी, नाही तर घरचा रस्ता. साल सत्त्याण्णव. कॉलेजला कुणीतरी टाकून दिलेली जुनी मशिनं दान मिळाली होती, आणि वर्गाला मान्यता द्यायची की नाही हे ठरवायला सोमवारी समिती येणार होती. अभ्यासक्रमात होतं युनिक्स. ते विकत घ्यायची कॉलेजची ऐपत नव्हती. मग भारतीनं पुण्याला जाऊन ओळखीच्या एका मास्तरांकडून लिनक्स नावाची, फुकटची पण तशीच चालणारी सिस्टीम उतरवून आणली. चौतीस फ्लॉप्या!

आता फ्लॉपी म्हणजे काय हे नव्या पोरांना सांगावं लागतं, काय करणार! तळहाताएवढी चौकोनी, पातळ वस्तू. एक आत घालायची, मशीन घरघरत ती वाचायचं आणि मग पुढच्या नंबरची मागायचं. भलतीच दिली की अडून बसायचं. म्हणून भारतीनं प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवून शाईच्या पेनानं नंबर घातले होते.

तिचा हिशेब साधा होता. बारापर्यंत एका तरी मशीनवर लिनक्स चढवायचं, एकची एसटी धरायची (ती चुकली की रेल्वेही गेलीच), केडगावहून आण्णांना घ्यायचं आणि संध्याकाळच्या रेल्वेनं नागपूर. दुसऱ्या दिवशी दसरा, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिन. सोमवारी सकाळी परत, समितीसमोर हजर.

आण्णा म्हणजे तिचे वडील, रंभाजी. छप्पन्न साली त्यांची सगळी आळी दीक्षेला नागपूरला गेली आणि हे एकटे मागे राहिले. कारखान्यावर मजुरीला होते, मुकादमानं सुट्टी दिली नाही. दीक्षा नंतर गावातच घेतली, पण नागपूर राहिलं ते राहिलंच. कधी पोरं आजारी, कधी ड्यूटी, कधी आणखी काही. आता सत्तरी ओलांडली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "औंदा तूच ने मला," असं त्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडून मागितलं होतं. पांढरा सदरा आठ दिवस आधीच इस्त्री करून ठेवला होता.

भारतीनं लॅबचं दार उघडलं. त्या दिवशी खंडेनवमी. शिपाई राधाकृष्णमामांनी सातलाच येऊन हत्यारांची पूजा उरकली होती. मशीनला झेंडूचा हार, कीबोर्डवर अक्षता. आणि ताम्हणात चौतीसच्या चौतीस फ्लॉप्या, पत्ते पिसल्यासारख्या, प्रत्येकीच्या चिठ्ठीवर पाण्याचा शिंतोडा आणि वर हळदकुंकवाचं बोट. शाई पसरून नंबरांचे निळे डाग झाले होते.

"मामा, अहो काय केलंत हे!"

"ताई, तुमी एवढ्या लांबून आनल्या. म्हनलं, हेच तुमचं हत्यार. एकबी सोडली न्हाई बगा," मामा कौतुकानं म्हणाले. "फकस्त आज हात नगा लावू. पुजलेलं हत्यार हलवत न्हाईत."

एवढ्या मायेनं केलेल्या माणसाला रागवायचं तरी कसं? भारतीला रडू येत होतं. तिनं हार बाजूला काढला, फ्लॉप्या पदरानं पुसल्या आणि खुर्चीवर बसली. नंबर ओळखायला दुसरं मशीन धड नव्हतं. आता एकच मार्ग, एकेक घालून बघायची.

मशीन म्हणे, पहिली द्या. ही? नव्हे. ही? नव्हे. अकराव्या खेपेला पहिली सापडली. मग दुसरीचा शोध. मामांना चूक उमगली तेव्हा ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि वापरलेल्या फ्लॉप्या एकेक करून डब्यात ठेवू लागले. बारा वाजले तेव्हा चौदावी चालू होती. मध्येच सोडलं तर सगळं पहिल्यापासून. साडेबाराला भारती उठली, समोरच्या एसटीडी बूथवर गेली आणि केडगावला शेजाऱ्यांच्या घरी फोन लावला.

आण्णा फोनवर आले. कपडे घालून तयारच बसले असणार.

"आण्णा, माझं काम अडकलंय. मला नाही जमायचं."

आण्णा हळूच म्हणाले, "तुलाबी सुट्टी न्हाई दिली व्हय?"

त्यात टोमणा नव्हता, तिच्याबद्दलची कीव होती. ती भारतीला सोसवेना. बूथवाल्याकडे पाठ करून ती रडली, तोंड पुसलं आणि परत येऊन पंधरावी शोधू लागली.

चौतिसावी चार वाजता संपली. मग सिस्टीमनं शेवटचे प्रश्न सुरू केले. घड्याळ कुठलं, माऊस कुठला. सरतेशेवटी विचारलं, या मशीनचं नाव काय? दत्तोपंत सरांनी, म्हणजे प्राचार्यांनी, कॉलेजचं नाव घालायला सांगितलं होतं. भारतीनं इंग्रजी अक्षरांत नागपूर असं टाइप केलं. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तेच नाव आलं आणि आत यायला पासवर्ड मागू लागलं.

सोमवारी समिती आली, पाहून गेली, मान्यता मिळाली. एका साहेबांनी विचारलंसुद्धा, मशीनचं नाव नागपूर कसं? दत्तोपंतांनी भारतीकडे बघितलं. भारती म्हणाली, "तिकडे जायचं राहिलंय, सर."

साहेब गेल्यावर पेढे वाटले गेले. भारतीनं आपला तसाच टेबलावर ठेवला आणि सरांपुढे एक कागद सरकवला. सरांनी चष्मा लावून वाचला आणि हसले.

"अहो भारतीबाई, पुढच्या दसऱ्याच्या रजेचा अर्ज? अजून वर्ष आहे की!"

"असू दे, सर. सही आजच करा. माझे वडील एकेचाळीस वर्षं थांबलेत."