फायनलच्या दुपारी मालक येतात

जेवण झालंय. चारला फायनल, म्हणून तासभर पाठ टेकते. बाहेर गल्लीत बुरूज तालमीचे ढोल तापतायत. ही माझ्या सासरच्या पेठेची फुटबॉल टीम. माझं माहेर पिंपळ तालमीचं. आज गाठ या दोघांचीच, आणि कोल्हापुरात अशा दिवशी शेजारी शेजाऱ्याला साखर देत नाही.

सकाळी बुरूजचे दिनकरराव दारात आले. म्हणाले, "वहिनी, दादा गेल्यावरची ही पहिली फायनल. त्यांच्या जागेवर तुम्ही बसा, आमच्या बाजूला." चव्वेचाळीस वर्षं मी माहेरच्या गॅलरीत बसले, आमचे मालक समोरच्या. मॅच संपली की घरात दोन दिवस अबोला. आता त्यांची जागा रिकामी ठेवू, की माझी? एरवी माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. सकाळी मात्र दिनकररावांना नुसता चहा पाजून वाटेला लावलं.

डोळा लागतोय न लागतोय, तोच खाटेची कड खाली जाते. मालक बसलेत. गळ्यात बुरूजचा हिरवा मफलर, भर उन्हाळ्यात.

"काय गं पिंपळीण, फायनलला झोपतीस?"

"तुम्ही मेलाय," मी म्हणते. "गप पडा."

"मेलो म्हणून काय टीम बदलली व्हय?"

मी उठायला पाय खाली सोडते, तर खाली स्टेडियमच्या पायऱ्या. पायऱ्यांवर म्हशी बसल्यात, रवंथ करत मैदान बघतायत. मालक त्यातल्या एकीचं पेलाभर दूध काढतात आणि उभ्यानंच पितात. मिशीला फेस. शेवटचं वर्षभर डॉक्टरनं दूध तोडलेलं. बघून जिवाला बरं वाटतं.

"दिनकर आलता?"

"आलता. तुमच्या जागेवर बस म्हणतोय."

"मग?"

"मग काय, बसते. एक दिवस हिरवं नेसते तुमच्यासाठी."

त्यांचं तोंड उतरतं. आमच्या मधे कुणीतरी अंतरपाट धरलाय. भटजी मंगलाष्टक म्हणतोय. एका अंगाला पिवळे, एका अंगाला हिरवे, अक्षता टाकायच्या सोडून सगळे शिट्ट्या मारतायत. पलीकडून मालकांचा आवाज येतो.

"खुळी झालीस काय? समोरच्या गॅलरीत पिवळा पदर खोचून एक बाई आमच्या गोलकीपरच्या सात पिढ्या काढती, ती माझी बायको, म्हणून मी अख्ख्या पेठेला दाखवायचो. आतून जळायचो बी, अन् छाती बी फुगायची. तू हिकडं येऊन बसलीस तर मी भांडू कुणाशी?"

"एवढ्या वर्षांत हे कधी बोलला नाहीत."

"बोलणार कधी? तुझा अबोला असायचा."

मला हसू येतं आणि डोळेही भरतात. मग मी पदर खोचते. "तुमच्या गोलकीपरच्या हाताला लोणी लावलंय!"

"ऐकू येईना!"

"तुमचा सेंटर फॉरवर्ड वरातीत नाचल्यागत पळतोय! त्याला घोड्यावर बसवा!"

"आणि जोरात! हितवर पोचत न्हाई!"

वर्षभराचं साठलेलं सगळं मी ओरडते. बेंबीच्या देठापासून ओरडते. पलीकडे ते खोखो हसतायत.

सून शैलजा खांदा हलवते. "आत्याबाई, अहो आत्याबाई! झोपेत कुणाला एवढ्या शिव्या देताय? ढोलवाले थांबून ऐकत होते."

"तुझ्या सासऱ्याला," असं सांगायला मी तोंड उघडते. आवाजच नाही. नुसती हवा. घसा पार बसलाय.

मॅचला तास राहिलाय. पिंपळची अख्खी गॅलरी माझ्या एका हाळीवर उठते, हे मालकांना चांगलं ठाऊक. जोरात म्हणे! पोचत न्हाई म्हणे! वरून येऊन माझं तोंड बंद करून गेला माणूस. मेल्यावरसुद्धा बुरूजचाच.

हसत हसत मी पेटीतली पिवळी साडी काढते आणि शैलजाला खुणेनं सांगते, स्वयंपाकघरातली मोठी परात आण. आणि पळी.