आप्पांच्या सोफ्याचा क्लेम

सोफ्याचा क्लेम करायचा की नाही, यावर आमच्या घरात तेरा दिवस कुणी धड बोललं नाही. बोलणार काय, कप्पाळ! फॉर्मवर सही लागणार होती माझ्या सासऱ्यांची. आणि सुकलाल आप्पा वाचल्याशिवाय सही करत नाहीत.

पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यात ते एकतीस वर्षं वजनकाट्यावर होते. उसाची गाडी आली की आकडा दोनदा वाचायचे, मगच पावती. घरचं लाइटबिलसुद्धा मागून-पुढून वाचतात. रिटायर झाल्यावर शहाद्याहून हा सोफा आणला, कोपऱ्यातून वळणारा, भला मोठा. तेव्हा दुकानदार कंटाळेस्तोवर विम्याचा कागद वाचला. फाटला, मोडला, अपघातानं काही झालं तर भरून मिळणार. नवनीत, म्हणजे माझा नवरा, हसला होता. सोफ्याला काय धाड भरणारे, म्हणाला.

मागच्या महिन्यात आप्पांना न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, आता घरीच न्या. चौथ्या दिवशी दुपारी श्वास असा अडकायला लागला की गजराआत्या, आप्पांच्या मोठ्या बहीण, म्हणाल्या, "खाले ल्या त्याले."

पलंगावर जीव जाऊ द्यायचा नाही, जमिनीवर घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. पुढच्या खोलीत जागा नव्हती. नवनीतनं आणि शेजारच्यांनी सोफा उचलला. तो दारात आडवा अडकला, त्यांनी जोर लावला आणि सोफ्याची चौकट मोडली. मी फरशी पुसून सतरंजी टाकली. आप्पांना खाली निजवलं, तोंडात तुळशीपत्र ठेवलं. नणंदेला फोन केला. रडलेसुद्धा मी.

आणि आप्पा गेलेच नाहीत. संध्याकाळी डोळे उघडून चहा मागितला.

तेव्हापासून आम्ही दोघं बधिर आहोत. आनंद झाला नाही असं नाही, पण तो आत कुठे पोचेचना. स्वयंपाक होतो, भांडी होतात, दिवस जातो. आप्पा प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात. सोफा कसा मोडला ते त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. तुम्ही गेलात असं धरून आम्ही खोली रिकामी केली, हे जित्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

मी म्हटलं, मरू दे तो क्लेम. नवनीत म्हणाला, आप्पा दिवसभर त्या मोडक्या सोफ्याकडेच बघत बसतात, मला बघवत नाही. मुदत पंधरा दिवसांची. दोन दिवस उरले तेव्हा त्यानंच फॉर्म भरला. नुकसान कसं झालं, या रकान्यात लिहिलं: साफसफाईसाठी हलवताना. आणि कागद आप्पांपुढे धरला.

आप्पांनी चष्मा लावला. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग पेन घेऊन ती ओळ खोडली आणि वर सावकाश लिहिलं: मला खाली घेण्यासाठी हलवताना. त्याखाली सही केली.

"मी जागा व्हतू," ते म्हणाले. "समदं ऐकू येत व्हतं."

नवनीतची मान वर होईना. मला फार लाज वाटली, पण रडू काही आलं नाही. आप्पांनी पेनाला टोपण लावून ते त्याच्या हातात दिलं. आवाजात राग नव्हता.

"पुढला टाइमले जरासं थांबज्यात."

आम्ही दोघं "हो आप्पा" म्हणालो.