वीतभर अलीकडे

पालिकेने आमच्या गल्लीत गाड्या बंद केल्या आणि माझ्या दुकानासमोर कण्हेरीचं पिंप ठेवलं. सिमेंटच्या गोण्या आता कोपऱ्यावर उतरवून डोक्यावरून आणाव्या लागतात. मी भांडलो, तर साहेब म्हणाले, "काका, तीन महिन्यांचा प्रयोग आहे. पाणी दुकानदारांनी घालायचं. झाडं जगली तर गल्ली अशीच राहील, मेली तर उचलू."

हातगाडीपासून दुकानापर्यंत आलो, सौदा मला कळतो. रोज सकाळी दारात सडा मारतो आणि पिंपाच्या वीतभर अलीकडे हात थांबवतो. समोर शिवणकाम करणाऱ्या ताई हसतात, "भाऊ, कंजुषी पाण्याची की मनाची?"

"दोन्हीची."

शहर सुधारायचं तर कुणाच्या तरी दारात करून बघावंच लागतं, हे मला पटतं. पण त्या दाराला कुणी विचारत नाही.

आज पिंपाच्या बुडाकडे नजर गेली. भोकातून एक पांढरं मूळ बाहेर येऊन फरशीच्या ओल्या फटीतून माझ्या उंबऱ्याकडे निघालं होतं. माझ्याच पाण्यावर, मला न विचारता, साहेबांसारखंच.

वरची कळी गुलाबी होती.

उद्यापासून हात दोन विती अलीकडे थांबेल.