अमावास्येला दिसलेल्या रेषा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. बेळगावात टिळकवाडीत वाढले, मॅट्रिक झाले, आणि अंगात आलेल्या बायकांना तोंडावर हसणारी म्हणून माहेरी माझी ख्याती होती! तरी हे सांगते... कारण यात भूत नाहीच. होता तो फक्त उजेड.

महायुद्धाची वर्षं. लग्न होऊन मी सदलग्याला आले होते, जैन शेतकऱ्याच्या घरी. सासूला तिकडे आत्ती म्हणतात. आमच्या आत्ती नेमाच्या पक्क्या — दिवस मावळल्यावर अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. सकाळी तळहाताच्या रेषा दिसल्या की उजाडलं असं धरायचं, मगच तांब्याला हात. आमचं दोघींचं फारसं पटायचं नाही. मी त्यांना हट्टी म्हणायची आणि त्या मला ‘शिकलेली’ म्हणायच्या... शिवी दिल्यासारखं!

त्या उन्हाळ्यात गावात पटकी आली, म्हणजे कॉलरा. लोक घरं बंद करून शेतात राहायला गेले. आम्हीही दूधगंगेकाठच्या मळ्यात छप्पर घातलं. साथीनं तिथेही गाठलंच. अमावास्येच्या सकाळी आत्तींना उलट्या-जुलाब सुरू झाले. दुपारी हे बैलगाडी जुंपून चिकोडीच्या डॉक्टरांना आणायला गेले. मळ्यात उरलो आम्ही दोघी. दिवसा पाजलेलं सगळं उलटून पडलं, आणि उलट्या थांबल्या तोवर दिवस मावळला होता.

रॉकेल रेशनवर. कंदील थोडा वेळ जळला नि विझला. उकाडा म्हणून आत्तींची बाज अंगणातच टाकली होती, पण काळोख असा की त्यांना चाचपून शोधावं लागत होतं. हातपाय गार पडलेले, आवाज खोल गेलेला. मी वाटीत पाणी घेऊन बसले होते.

“आत्ती, दोन घोट घ्या की वो. आजारात चालतंय.”

“उजाडल्याबिगर न्हाय.”

“उजाडायला लई येळ हाय. तोवर...”

“तोवर जीव ऱ्हायला तर पिईन.”

वाटी ओठांना लावली, तर त्यांनी दात आवळले. मला रडू आलं आणि संतापही आला. माझ्या डोळ्यांदेखत, भरल्या तांब्याशेजारी ही बाई पाण्यावाचून जाणार होती!

आणि मग मला वाटीचा काठ दिसला.

आधी वाटलं, डोळे अंधाराला सरावले असतील. पण मग बाज दिसली. आत्तींचा चेहरा दिसला. पलीकडचं कुंपण दिसलं. वर बघितलं — सगळं आभाळ एकसारखं पांढरट, किंचित हिरवट झालेलं. पूर्वेला तांबडं काही नाही. चांदण्या होत्या तशाच. एक पाखरू बोलत नव्हतं, आणि माझी सावलीसुद्धा पडली नव्हती.

आत्तींनी हात तोंडासमोर धरला.

“रेषा दिसाय लागल्या गं. आण पाणी.”

मी माझा हात बघितला. दिसत होत्या... स्वच्छ! मी वाटी त्यांच्या ओठांना लावली. घोट घोट करत तांब्याभर पाणी त्यांच्या पोटात गेलं आणि राहिलं. शेवटचा घोट झाला आणि उजेड ओसरत गेला. रिकामा तांब्या कुठे ठेवला, ते मला दिसेना.

बऱ्याच वेळानं गाडीचे घुंगूर वाजले.

“कंदील लाव गं, वाट दिसंना!” ह्यांचा आवाज.

डॉक्टरांनी बॅटरीच्या झोतात आत्तींना तपासलं, इंजेक्शन दिलं. म्हणाले, “पाणी पोटात होतं म्हणून हाती लागल्या.”

मी ह्यांना विचारलं, वाटेत उजेड दिसला का?

“कसला उजेड? बैलाची शिंगं दिसत न्हवती मला!”

आत्तींनी ते ऐकलं. आता आकांत होणार, हे मी धरूनच चालले होते.

“उजाडलं न्हवतं व्हय गं?”

“न्हाय, आत्ती.”

“तुला दिसल्या रेषा?”

“दिसल्या.”

“मग झालं,” म्हणाल्या, आणि माझा हात धरूनच झोपल्या. बऱ्या झाल्यावर प्रायश्चित्ताचा एक उपास मात्र केलाच त्यांनी!

माझा नातू सायन्सचा. तो सांगतो, उंचावरची हवा रात्री आपोआप मंद उजळते, एखाद्या रात्री जास्तच. असेलही. मग चिकोडीच्या रस्त्यावर दुसरं आभाळ होतं का?

आत्ती जाऊन खूप वर्षं झाली. फार आठवण येते. अजूनही अमावास्येला मी अंगणात जाऊन तळहात तोंडासमोर धरते. रेषा सोडाच, हातसुद्धा दिसत नाही.