गोठ्यावरचा रूळ

'खंयचो रे तू?' आरोंद्याच्या अलीकडच्या त्या वाडीत हा प्रश्न मला दिवसातून दहादा यायचा. परभणीकडचा, असं सांगितलं की लोक पाठ फिरवायचे. एकानं तर कुत्र्याची साखळी सोडली आणि स्वतः ओटीवर बसून मजा बघितली.

त्यांचं तरी काय चुकत होतं म्हणा. मी मोजणीवाल्या सरांच्या हाताखाली टेप धरायचो, खुंट्या ठोकायचो. बंद पडलेली एक खाण नव्या मालकानं घेतली होती. खाणीतला माल खाडीकडं नेणारी छोटी रेल्वे तिथं पूर्वी होती. मुख्य मार्गावर आता डांबरी रस्ता झालाय, पण जुन्या धक्क्याकडं उतरणारा तिचा फाटा काजूंमध्ये हरवला होता. त्या फाट्याची पट्टी खाणीच्या मालकीची. ती जिथून निघेल तिथली झाडं, गोठे जाणार, हे वाडीला आमच्याआधी कळलेलं.

मी आठवीत शाळा सोडली. सरांनी मला बसस्टँडवरून उचलून कामाला लावलं, त्यामुळं सारखी धास्ती, की यांना मी बिनकामाचा वाटू नये. त्यातूनच ती युक्ती सुचली. भराव वाहून गेलेला, रुळांखालचे लाकडी स्लीपर चुलीत गेलेले, पण रुळांचे तुकडे घरोघरी दिसत होते. कुठं फाटकाचा खांब, कुठं विहिरीवर आडवा टाकलेला. मी सरांना म्हटलं, एवढं जड लोखंड लांब कोण नेतंय? उपटलं आणि शेजारीच लावलं असणार. रूळवाली घरं जोडत जाऊ, लाईन आपोआप सापडेल. सरांनी पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली.

शेवटचं घर एका विधवा काकींचं. पाण्याचा तांब्या त्यांनी हातात न देता पायरीवर ठेवला. पिता पिता वर बघितलं तर गोठ्याच्या दारावर रूळच आडवा. आत दोन म्हशी. मी वही काढून लिहून घेतलं.

"पाणी पिलंस, आणि गोठो लिवन घेतलंस?" काकी म्हणाल्या.

मी त्यांना माझी युक्ती सांगितली, जरा शहाणपणानंच. त्या हसल्या, पण ते हसू बरं नव्हतं.

"शिमग्याक होळयेचा झाड आमची माणसा मैलभर खांद्यार घेवन येतत. तेंका ह्यो रूळ जड जातलो? शाळेत गेललंस काय रे?"

आठवीपर्यंत, मी म्हणालो. मग रूळ आणला कुठून, हे विचारलं, तर सासऱ्यांनी खालून आणला एवढंच बोलून त्या आत गेल्या.

नकाशा त्याच संध्याकाळी खाणमालकाकडं जायचा होता. युक्ती चुकली हे सरांना सांगितलं तर माझं काम जाणार, नाही सांगितलं तर काकींचा गोठा. मी उताराला करवंदीच्या जाळीत घुसलो. हात पार सोलवटले. दोनेक तासांनी लाईनीखालून पाणी जायला बांधलेली चिऱ्यांची मोरी सापडली, आणि तिच्यावर सडक्या स्लीपरचा तुकडा, रुळाचे खिळे तसेच ठोकलेले. गोठा तिथून दोनशे पावलं वर.

मी बोलावल्यावर सर आले, वाकून खिळे बघितले. मग चार माणसांत म्हणाले, "आठवी नापासाच्या डोक्यानं नकाशा काढायला निघालो होतो मी." सगळं खोडून त्यांनी नवी रेघ ओढली. कामावरून मात्र काढलं नाही. ते उपकार मी अजून विसरलेलो नाही.

नवी रेघ काकींच्या दिराच्या काजूंमधून गेली. कुत्रं सोडणारा तो हाच. मला खालची दिशा कुणी सांगितली, हे त्याच्या घरात कळायला वेळ लागला नाही, आणि राग काकींवर निघाला.

दुसऱ्या दिवशी काकींच्या आणि दिराच्या जागेमधल्या दगडी गडग्याजवळ, कुंपणाशी, खुंट्या ठोकत होतो. ऊन चढलं, तसा कालच्यासारखा काकींच्या पायरीकडं गेलो. तांब्या नव्हता. काकी दारात उभ्या होत्या.

"आता तेच्याकडे माग," दिराच्या घराकडं बोट दाखवून त्या म्हणाल्या, आणि म्हशींना पाणी दाखवायला गेल्या.

मी परत येऊन खुंटी धरली. गडग्यापलीकडं कुत्रं मोकळंच होतं.