भागोजीची रॅक

पोलादपूरहून आंबेनळी घाटाची वाट धरली की वर जी वाडी लागते, तिथल्या भागोजीची जीभ तालुक्यात प्रसिद्ध आहे. शेती बरी, तब्येत बरी, जीभ मात्र फारच बरी. लग्नातलं वरण असो की तलाठ्याची सही, भागोजीने नाव ठेवलं नाही अशी वस्तू वाडीत सापडायची नाही. बायको बनुबाई तेवढी त्यातून सुटली, तीही भागोजीला तिची भीती म्हणून.

अशा माणसाच्या वाट्याला देवाने रेल्वे दिली. म्हणजे उपाशी माणसाला थेट पंगतीचं बोलावणं.

झालं असं की परदेशातल्या लोकांना एकाएकी नाचणीचा पुळका आला. ज्या भाकरीची लाज वाटून आपण पाहुण्यापुढे चपाती ठेवतो, ती तिकडे म्हणे डॉक्टर लिहून देतात. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने वाडीच्या शेतकरी गटाकडे नाचणी मागितली. गटाची सचिव अनुपमा, म्हणजे गोमाजीची सून, कामाला चोख. शिमगा झाल्या झाल्या तिने सगळ्यांची नाचणी कंपनीच्या छापील गोण्यांत भरून घेतली आणि खाली स्टेशनाच्या गोदामात नेऊन लावली. तिथून मालगाडीने लांबच्या बंदरात, बंदरातून जहाजात. ट्रकने का नको, असं भागोजीने विचारून बघितलं. करारात रेल्वे लिहिली आहे, असं कळलं. करार वाचला कुणी, असं विचारल्यावर सगळ्यांना एकदम आभाळातली घार दिसली.

गोदामाचे बाबू विनीत. राहणार महाडचे, बोलणं शुद्ध आणि मऊ. ते दर खेपेला एकच सांगत, "रॅक लागली की कळवतो." रॅक म्हणजे मालगाडीचे सगळे डबे एकदम, हे कळेपर्यंत बनुबाई स्वैपाकघरातल्या भांड्यांच्या रॅककडे संशयाने बघत असे. बरं, रॅक लागत का नाही? बंदरात जहाज नाही म्हणून. जहाज का नाही? माल पोचला नाही म्हणून.

"म्हंजे नवरा म्हनतो नवरी मांडवात येऊंदे, आन नवरी म्हनते नवरा येऊंदे," भागोजी विनीतबाबूंना म्हणाला. "तुमी मधी अक्षता धरून उभे. हात दुखत नाय काय?"

विनीतबाबू हसले. बिचाऱ्याला पगार अक्षता धरण्याचाच होता.

चैत्र गेला. गोदामात पोत्यांच्या थप्पीवर मांजर व्याली, पिल्लं उंदीर धरायला शिकली, पण रॅक काही लागली नाही. शेवटी अनुपमाने डोकं चालवलं. काका नाहीतरी दिवसभर बोलतातच, तर तेच मोबाइलसमोर बोलू देत, असा तिचा हिशेब. भागोजीने टोपी झटकली, थप्पीला टेकून उभा राहिला आणि सुरू झाला. जेवढ्या दिवसांत नाचणी शेतात गुडघाभर वाढते, तेवढ्या दिवसांत ती गोदामातून वीतभर हालली नाही, तर औंदाची पेरणी इथेच फलाटावर करतो, बैलांची प्लॅटफॉर्म तिकिटं काढतो, असं बरंच काही. हा व्हिडिओ पहिल्यांदा मुंबईच्या चाकरमान्यांच्या फोनवर फिरला, मग नाते गावात आणि महाडमध्ये, आणि मग कुणा मोठ्या साहेबांनी तो जेवताना बघितला. साहेबांना घास गेला नसावा. कारण लगेच रॅक लागली आणि सकाळपासून माल भरायचा हुकूम सुटला.

वाडीत भागोजीची किंमत वाढली. जन्मात कधी पाट न दिलेल्या गोमाजीने त्याला खुर्ची दिली.

त्याच सकाळी, खाली हमाल थप्पी फोडत होते तेव्हा, बनुबाई बी काढायला माळ्यावर चढली. रोहिणी जवळ आलेल्या. तिच्याकडची नाचणी गरवी, म्हणजे उशिरा पिकणारी, मुठीसारख्या मिटल्या कणसाची. डोंगरउतारावर वारा सुटला की बाकीच्यांची लोळते, हिची उभी राहते. वाडीत सगळे पाकिटातलं बियाणं आणतात, हे बी फक्त यांच्याच घरात. आणि माळ्यावर पोतं नव्हतं.

भागोजीला आठवलं, आणि नको तेवढं स्पष्ट आठवलं. गोण्या भरायच्या दिवशी बनुबाई माहेरी गेली होती. अंगणात गोमाजीचा ढीग आपल्यापेक्षा मोठा दिसत होता. मग ह्याने माळ्यावर चढून अजून एक पोतं खाली घेतलं आणि आपल्या ढिगावर ओतलं; शेवटची गोणी त्याच दाण्यांनी भरली. कसलं पोतं, ते बघायला मान खाली घालावी लागते, आणि तेव्हा मान गोमाजीच्या ढिगाकडे होती.

बनुबाईने आकांत केला नाही. ती फक्त म्हणाली, "आता बोला."

भागोजी मिळेल त्या गाडीने स्टेशनात पोचला. डबे भरलेले, दारं लागलेली, दारांना सील. इतक्या वर्षांत त्या स्टेशनात एक काम वेळेवर झालं होतं, आणि ते हे.

"साहेब, येवढी घाई कशाला करायची," तो म्हणाला. "माणसांनी जरा दमानं घ्यावं."

विनीतबाबूंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटलं, हे खरं. "काका, तुमच्याच भाषणामुळे वरून आदेश आलाय, क्षणाचाही विलंब नको म्हणून. आता सील तोडायचं तर वरची परवानगी लागेल. अर्ज आजच पाठवतो."

अर्ज गेला. गाडी गेली नाही. रॅक आली होती, इंजिन यायचं राहिलं होतं.

आता वाडीला नवाच तमाशा बघायला मिळाला. अनुपमा अजून एक व्हिडिओ करा म्हणून आली, तर भागोजी तिला रेल्वेची बाजू समजावू लागला. लय मोठं खातं हाय गो, इंजिन म्हंजे काय म्हैस हाय, दावं सोडलं की चालली? लोक म्हणाले, भागोजीला लकवा झाला. कुणी म्हणालं, रेल्वेने त्याला पास दिला. तो रोज खाली जायचा, परवानगीची चौकशी करायचा आणि आपल्या डब्याच्या सावलीत बसून यायचा. परवानगी रोज "निघालेली" असायची.

वैशाखाचं ऊन पत्र्यावर पडत होतं. बंदरात जहाज खरोखरच लागलं होतं. एका संध्याकाळी गोमाजी आला आणि ओट्यावर बसला. खुर्ची त्याने मागितली नाही.

"भागोजी, माझी समदी नाचणी त्या डब्यात हाय. घरात दळायला पन ठेवली नाय," तो म्हणाला. "आतमधी ती तापते. तू बोललास तर जाईल."

भागोजीने पहिल्यांदाच खरं काय ते सांगितलं. माळा, ढीग, पोतं, सगळं.

"माझा ढीग मोठा दिसला म्हनून?"

"व्हय."

"अरे, माझ्या ढिगात खाली भुसा होता."

बनुबाई दारात उभी होती. भागोजीने तिच्याकडे बघितलं. तिने नुसती मान हलवली आणि आत जाऊन त्याची टोपी आणून दिली.

दुसरं भाषण पहिल्यापेक्षा सरस झालं, असं जाणकार सांगतात. त्यात म्हैस पण होती. इंजिन रातोरात आलं आणि गरवी नाचणी, गोमाजीच्या भुशासकट, बंदराकडे रवाना झाली.

मृगाच्या तोंडावर नवरा-बायको रोपांसाठी भाजलेल्या राबात पाकिटातलं बियाणं पेरत होती. औषध लावलेलं, गुलाबी. दोघांचे तळवे लग्नातल्यासारखे रंगलेले. फोन वाजला. विनीतबाबू होते, आवाज उत्साहाचा. परवानगी आली होती. त्यांनी ती वाचूनच दाखवली: सदर शेतकऱ्याच्या उपस्थितीत, सदर स्टेशनात, सदर डब्याचे सील काढून, सदर पोते त्यास परत देण्यास हरकत नाही. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण शेवटचे शब्द फारच बारीक आले.

भागोजीने फोन स्पीकरवर टाकला आणि बांधावर ठेवला.

"परत एकदा वाचा की, साहेब," तो म्हणाला. "हिला आयकूंद्या."

बनुबाई पेरत पुढे गेली होती.